लोड नसताना तापणारी मोटर

सोमवार, २० जानेवारी २०२५

आजपासून ही वही. हौस नाही, डॉक्टरांचा हुकूम आहे.

रक्त, साखर, थायरॉईड, छातीची पट्टी, सगळं काढून झालं आणि सगळं नीट निघालं. नीट निघालं म्हणून मीच नाराज झालो, असं आमची जयाबाई म्हणाली, आणि बायको असून ती खरं बोलली. एवढं थकायचं आणि कागदावर त्याची एक रेघही उमटू नये म्हणजे काय?

कॅम्पातले डॉक्टर म्हणाले, "नागोजीराव, शरीर थकलेलं नाही, डोकं थकतंय. कधी थकतं, कुणाबरोबर असताना थकतं, ते दोन महिने लिहून काढा." मग पानभर प्रश्न. झोप कशी, भूक कशी, दिसतं कसं, ऐकू कसं येतं. या शेवटच्या प्रश्नावर मला हसू आलं. मी म्हणालो, तुमच्या डोक्यावरच्या पंख्याचं बेअरिंग घरघरतंय, हे मी दारातच ओळखलंय. तेही हसले, कागदावर बरोबरची खूण केली आणि पुढच्या प्रश्नाला गेले.

पिरनवाडीत रस्त्याला लागून माझी शेड आहे, श्री रवळनाथ मोटर रिवाइंडिंग. शेतातल्या जळलेल्या मोटरी येतात, आम्ही आत नवी तांब्याची तार भरतो, बेअरिंग बदलतो आणि फिरती करून परत देतो. खानापूर तालुक्यातनं एक पिशवी घेऊन आलतो, दुसऱ्याच्या दुकानात झाडू मारत धंदा शिकलो, आज चौतीस वर्षं स्वतःचं दुकान आहे. इथला एक नियम आहे. मी लांबडा डिसमिस, म्हणजे स्क्रू ड्रायव्हर, मोटरच्या अंगावर टेकवतो, त्याची मूठ कानाला लावतो आणि आत काय चाललंय ते ऐकतो. मी मान हलवल्याशिवाय मोटर दाराबाहेर जात नाही. लोक रिवाइंडिंगला येत नाहीत, या कानाला येतात. हे मी म्हणत नाही, तालुका म्हणतो.

आता थकव्याचं. पाच हॉर्सपॉवरची मोटर मी अजून एकटा उचलतो. पण दुपारी चार वाजले की डोक्यात ओला कापूस कोंबल्यासारखं होतं. समोरच्याचे शब्द येत असतात, त्यांची वाक्यं जुळवायचा कंटाळा येतो. संक्रांतीला मुलगा विक्रम बेंगळुरूहून आला होता. त्यानं माझ्याकडं दोन दिवस बघितलं आणि म्हणाला, अप्पा, आता बास, फरशीवाला एकजण शेड मागतोय, देऊन टाकूया. मी पाडव्यापर्यंतची मुदत घेतली. ३० मार्चपर्यंत हे डोकं ताळ्यावर आलं तर दुकान राहील. नाहीतर मष्णू आणि बाकीच्या दोघा कामगारांना मीच हात जोडून सांगायचं, बाबांनो, दुसरीकडं बघा.

डॉक्टर म्हणाले थकव्याला दहापैकी आकडा द्या. असले परीक्षेतले आकडे मला जमत नाहीत, मी अँपिअरमध्ये लिहिणार. पाच हॉर्सपॉवरची चांगली मोटर लोड नसताना तीन अँपिअर खाते, पूर्ण लोडवर साडेसात. त्यावर गेली की तापते. आणि लोड नसतानाच सात खायला लागली तर समजावं, आत कुठंतरी गोम आहे.

आज दिवसभर नुसता दवाखान्यात बसून होतो. आठ.


गुरुवार, २३ जानेवारी

भावकू मोटर घेऊन आला. खानापूर तालुक्यातला, माझ्या आईच्या माहेराकडचा, वीस वर्षांचं गिऱ्हाईक. उघडून बघतो तर दोन फेजच्या कॉइली जळून कोळसा आणि तिसरी कोरी करकरीत. असलं दिसलं की रोग सांगायला ज्योतिषी लागत नाही. लाईनमधली एक फेज गेली होती आणि याला पत्ता नव्हता.

मी त्याला चांगला फैलावर घेतला. म्हटलं, "एक फेज गेली म्हणून मोटर थांबत न्हाय रं. फिरत ऱ्हाती. उरलेल्या दोघी तिसरीचं वझं वडत्यात. पाणी येतंय म्हणून तू खूश, आणि ती आतनं जळालीया. हात लावून बघायचं न्हाय?"

भावकू मान खाली घालून म्हणाला, "आवाज बदललाता, अप्पा. पर पाणी येत हुतं."

याला काय म्हणावं? मोटर बिचारी सांगत असते, पण ऐकायला कान पाहिजे.

मष्णूनं संध्याकाळी दुसऱ्या एका गिऱ्हाइकाची मोटर लावली, मी डिसमिस टेकवून पास केली. मष्णू माझ्याकडं पंचवीस वर्षं आहे. मी ऐकत असताना तो समोर उभा असतो, आणि मीही त्याच्याच तोंडाकडं बघत असतो, कारण ऐकताना कुठंतरी बघावं लागतं. त्याला हल्ली डाव्या मिशीला पीळ द्यायची खोड लागली आहे. मोटर खराब असली की जास्तच पिळतो. गिऱ्हाइकाची काळजी आहे माणसाला.

भावकूला शिकवलं त्यात डोकं गेलं. साडेआठ.


रविवार, २६ जानेवारी

मारुतीराव आले. रिटायर्ड हेडमास्तर, माझे मित्र, जगातल्या सगळ्या रोगांवर त्यांच्याकडं दोन उपाय असतात. कवळी बसवल्यापासून मात्र तोंडातल्या तोंडात बोलतात. मी दोनदा सांगितलं, दातांच्या डॉक्टरला दाखवा, नीट बसलेली नाही. तर ते माझ्याकडंच कीव आल्यासारखं बघत राहिले.

तासभर बोलले. खरं म्हणजे माणूस काय बोलणार हे मला तो तोंड उघडायच्या आधी कळतं. चौतीस वर्षं गिऱ्हाईक बघतोय. निम्मं ऐकायची गरजच पडत नाही, उरलेलं आपण भरून घ्यायचं. फक्त हल्ली हे भरून घेण्यात दम लागतो. आज मारुतीराव हसले असं वाटून मीही मोठ्यानं हसलो, तर त्यांच्या भावाच्या ऑपरेशनचं चाललं होतं. त्यांचा चेहराच तसा आहे, त्याला मी काय करू?

त्यांचा उपाय: रात्री दुधात अश्वगंधा, आणि ध्यान.

नऊ. अश्वगंधा आणली.


शनिवार, १ फेब्रुवारी

अश्वगंधेनं झोप छान लागते. थकवा तसाच आहे, फक्त आता ताजातवाना होऊन थकतो.

आज जयाबाईशी टीव्हीवरनं वाजलं. ही मालिका इतक्या बारीक आवाजात लावते की मुंगीनंही कान टवकारावेत. मी आवाज नीट केला, तशी ती उठून आत गेली. आणि आत गेल्यावर बोलत बसली. पाठ करून बोलायची हिला सवय लागली आहे. भांड्यांशी बोलते की माझ्याशी, देवाला ठाऊक.

पण न्याय करायचा तर दुसरी बाजूही लिहिली पाहिजे. या वर्षा-दीड वर्षात हिची माया वाढली आहे. पूर्वी लांबूनच काय ते सांगायची. आता जवळ येते, समोर उभी राहते, माझा दंड धरते आणि मगच बोलते. लग्नाला अडतीस वर्षं झाली, पहिल्या सदतीस वर्षांत चारचौघांत कधी हात धरला नव्हता. परवा दुकानात मष्णूसमोर धरला. मी लाजलो. ती नाही.

सात. (दंड धरला तेव्हा पाच.)


बुधवार, ५ फेब्रुवारी

बैलहोंगलकडचे तिघे आले होते, सगळा व्यवहार कानडीत. कानडी मला आईच्या भाषेइतकीच येते, बाजारात शिकलेली भाषा विसरत नाही. पण आज तिघे एकदम बोलायला लागले आणि मला वाक्यागणिक थांबून विचार करावा लागला. ते गेल्यावर मी अर्धा तास खुर्चीत नुसता बसून होतो.

वहीची मागची पानं चाळली. आता माझा असा अंदाज झाला आहे की थकवा कानडीनं येतो. शिवाय मारुतीरावांनी, आणि मालिकांनी. मशीन चालू असताना शेडमध्ये मात्र येत नाही. तिथं सगळे हातवारे करतात आणि ओरडतात. म्हणजे माझ्या प्रकृतीला गोंगाट मानवतो. डॉक्टरांना हे नवीन असेल.

साडेनऊ.


रविवार, ९ फेब्रुवारी

आज सोन्यासारखा दिवस. लोंढ्याला मालुबाई आक्काकडं गेलतो. थोरली बहीण, सत्तरीची, जन्म शेतात गेला. तिला हळू बोलता येत नाही. या बांधावरनं त्या बांधावरच्या माणसाला हाक मारावी तसं ती चुलीपुढं बसून "साखर घालू काय रं" असं विचारते. घरातले बाकीचे कंटाळतात. मी सकाळी दहापासून संध्याकाळी पाचपर्यंत तिच्याशी बोलत बसलो. आमच्या आईच्या गोष्टी निघाल्या, बापानं मला शाळेतनं काढलं त्याची निघाली. चार वाजले आणि गेले, डोक्यात कापूस नाही.

चार अँपिअर. चार!

निष्कर्ष उघड आहे, लोंढ्याची हवा. झाडं आहेत, धूर नाही. जयाबाईला म्हटलं, महिन्यातनं दोनदा जाऊ. ती उठून समोर आली. मग दंड धरून म्हणाली, "हवा न्हाय वो ती. आक्का वरडून बोलती."

तेच तर म्हणतोय मी. चांगल्या हवेत वाढल्याशिवाय एवढी छाती होते काय?


शनिवार, १५ फेब्रुवारी

ध्यानाच्या वर्गाला गेलो. मारुतीरावांनी नाव घातलं होतं. अंधारी खोली, चटया, मागं कुठंतरी बासरी असावी, आणि एक बाई फार मऊ आवाजात सांगत होत्या. काय सांगत होत्या ते त्यांनाच माहीत. सगळे आडवे झाले म्हणून मीही झालो. डोळे मिटा ही खूण कळली. पुढं काय करायचं ते कळेना, म्हणून तसाच पडून राहिलो.

बऱ्याच वेळानं डोळे उघडले तर खोलीत मी आणि सोळा चटया. बाकीचे बाहेर चहा पीत होते. त्या बाईंनी हात जोडले, म्हणाल्या, पहिल्याच दिवशी एवढी खोल अवस्था मी बघितली नाही, आम्ही तीनदा उठा म्हणालो. मारुतीरावांचं तोंड बघण्यासारखं झालं. ते चार वर्षं येतात.

एवढी खोल अवस्था लागूनही घरी आलो तेव्हा दहा अँपिअर. समाधीनं माणूस दमतो हे पोथ्यांत लिहीत नाहीत.


मंगळवार, ४ मार्च

सतरा दिवस लिहिलं नाही. लिहायचाही थकवा. पाडव्याला सव्वीस दिवस राहिले. विक्रमचा फोन आला होता, त्याच्याकडं रेंज नसते, मी आपला बरं बरं म्हणत गेलो. जयाबाई नंतर म्हणाली, फरशीवाला शेड बघायला येतोय त्याला तुम्ही होकार दिलासा. दिला असेन.

मष्णू त्यांच्या गावच्या लक्ष्मीच्या यात्रेला गेला आहे. त्यांच्याकडं यात्रा कितीतरी वर्षांनी भरते, नाही म्हणता येत नाही. आठ दिवस दुकान मी आणि दोघं.

भावकू आला, ओढ्यावरची दुसरी मोटर घेऊन. नुसतं बेअरिंग बदलायचं होतं. दोन तासांत बदलून दिलं. डिसमिस लावला, ऐकलं. आत गुळगुळीत शांतता. एवढी शांत मोटर वर्षात ऐकली नव्हती. मी मान हलवली.

तर हा माणूस उचलेना. म्हणाला, मष्णूअण्णा कधी येतोय? मी म्हटलं, त्याचं काय काम? म्हणाला, काही नाही, तो आल्यावरच नेतो. मी म्हटलं, तुझी दीड एकर मिरची आठ दिवस काय तुझ्या तोंडच्या वाफेवर जगणार? त्यावरही घुटमळला. शेवटी मी जरा आवाज चढवला, "भावकू, ह्या दुकानात ऐकणारा कोण हाय?" मग गप उचलून घेऊन गेला.

वीस वर्षांचं गिऱ्हाईक, आणि ही परीक्षा. दहा.


सोमवार, १० मार्च

भावकूची मोटर परत आली. सहा दिवसांत बेअरिंग फुटलं, रोटर आतनं घासला, कॉइली गेल्या. मिरचीनं माना टाकल्या आहेत. मी घाईनं आमच्याकडची जास्तीची मोटर त्याच्या ट्रॅक्टरच्या डब्यात चढवली. त्यानं चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

बेअरिंगवाल्याला कडक पत्र लिहिलं: तुमचा माल बोगस आहे.

पत्र लिहून झाल्यावर मनात आलं ते इथं लिहितो, दुसरीकडं कुठं लिहिणार? माल बोगस असेल. पण बोगस माल पकडायलाच तर माझा कान ठेवलाय ना? चौतीस वर्षांत पास केलेली मोटर सहा दिवसांत आलेली नाही. हे थकव्यानं झालं. थकलेलं डोकं ऐकत नाही. विक्रमचं बरोबर दिसतंय.

अकरा. यावर मोटर चालवू नये.


बुधवार, १२ मार्च

मष्णू आला. कपाळाला अजून भंडारा होता. मी सगळं सांगितलं. त्याच खोक्यातलं दुसरं बेअरिंग काढून त्यानं एका मोटरीत बसवलं, मोटर चालू केली आणि डिसमिस माझ्या हातात दिला. मग समोर उभा राहिला आणि दोन्ही हात पाठीमागं बांधले.

मी ऐकलं. गुळगुळीत शांतता. मी मष्णूच्या तोंडाकडं बघितलं. तोंड दगडाचं. मिशी जागच्या जागी. मी आणखी ऐकलं. आतनं कुणीतरी नेहमी उत्तर सांगायचं, ते आज कुणी सांगेना. तरी म्हटलं, "चांगली हाय."

तेवढ्यात जयाबाई जेवणाचा डबा घेऊन दारात आली. दार तिथनं पंधरा फूट. तिनं तोंड वाकडं केलं आणि मोठ्यानं म्हणाली, "कसली शीळ वाजालीया ही? कान किटलं. बंद करा की."

मष्णूनं बटण बंद केलं.

मग तो म्हणाला, "तीन वर्सं झाली, अप्पा. घरघर कळती तुमास्नी. बारीक शीळ येत न्हाय कानावर."

"मग सांगितलं का न्हाईस?"

"सांगत हुतो की. मिशीनं." जरा थांबून म्हणाला, "तोंडानं जमलं न्हाय. ऐकाय मला तुमीच शिकवलासा."

जयाबाईनं डबा ठेवला आणि माझा दंड धरला. नुसता धरला.


गुरुवार, १३ मार्च

आज आकडा नाही.


सोमवार, १७ मार्च

कानाची तपासणी. जयाबाई बरोबर होती. सौम्या नावाची तपासनीस पोरगी, धारवाडकडची, मराठी कानडी वळणाची पण स्वच्छ. काचेच्या खोलीत बसवलं, कानाला खोकी लावली आणि हातात बटण दिलं. टीं वाजलं की दाबायचं.

मी काय केलं ते लिहितो, कारण जयाबाईनं ते बघितलंय आणि ती आक्काला सांगणारच. काचेतनं त्या पोरीचा खांदा दिसत होता. ती कळ फिरवायची तेव्हा खांदा हलायचा. खांदा हलला की मी बटण दाबत होतो. वीस मिनिटांत जगातला सर्वांत तीक्ष्ण कान निघाला असता. पण तिनं आपली खुर्ची गर्रकन फिरवली आणि पाठ केली. त्यानंतर मी बटणावर अंगठा ठेवून कितीतरी वेळ बसलो होतो. वाटलं, पोरगी चहाला गेली की काय.

बाहेर आल्यावर तिनं माझ्या समोर बसून, तोंड दाखवत सांगितलं, "अप्पा, इथं पास-नापास नसतंय. जाड आवाज तुम्हाला येतात. बारीक सगळे गेलेत, दोन्ही कानांचे. चाळीस वर्षं मशीनजवळ काढलात." कागदावर रेघ होती, डोंगराच्या कड्यासारखी एकदम खाली पडलेली.

मी म्हटलं, ते ठीक आहे, पण मी आलो होतो थकव्यासाठी.

ती म्हणाली, हाच तो थकवा. बारीक आवाजांतच बोलण्याचे कंगोरे असतात. ते आले नाहीत की वाक्य अर्धंच पोचतं आणि उरलेलं डोकं बांधत बसतं. तोंडाकडं बघून, हाताकडं बघून, अंदाजानं. सकाळपासून प्रत्येक माणसाच्या प्रत्येक वाक्याला हेच. एका जागी बसून तुम्ही दिवसभर हमाली करताय. चार वाजता दमाल नाहीतर काय? मग विचारलं, कुणाशी बोलताना दमत नाही असं कुणी आहे का?

जयाबाई म्हणाली, "हाय की. लोंढ्याची हवा."

येताना रिक्षात बसल्यावर भावकू आठवला. एक फेज गेली म्हणून मोटर थांबत नाही, उरलेल्या दोघी तिसरीचं ओझं ओढतात. हात लावून बघायचं नाही का, असं मी त्याला भर दुकानात विचारलं होतं. त्यानं काय उत्तर दिलं होतं तेही आठवलं. आवाज बदललाता, पर पाणी येत हुतं.

माझंही येत होतं.


बुधवार, २६ मार्च

यंत्रं आली. कानामागं बसतात, पावट्याएवढी. सौम्या म्हणाली, आल्या आल्या सगळं अंगावर येईल, थोडं थोडं वाढवा, लगेच फेकून देऊ नका.

फेकून द्यावंसंच वाटलं. कागद एवढा वाजतो? माझी चप्पल रस्ताभर बडबडत चालली होती. घरी नळ गळतोय, म्हणे दीड वर्षं. मालिकेचा आवाज ठीक होता. मारुतीरावांची कवळी उत्तम बसलेली आहे, मी त्यांची क्षमा मागितली. ते म्हणाले, ध्यानाच्या वर्गाला मात्र तसेच या, तुमच्यामुळं बाईंना हुरूप आला आहे.

आणि जयाबाई स्वयंपाकघरात भांड्यांशी बोलत नव्हती. पाठ करून, नेहमीच्या सुरात, ती माझ्याबद्दल बोलत होती. बऱ्यापैकी शिव्या होत्या, काही माझ्या आईकडच्या. मी दारात उभा राहून पाच मिनिटं ऐकलं आणि खोकलो. ती दचकून वळली. गेली तीन वर्षं या घरात तिनं मन मोकळं करायची जागा केली होती, ती आज मी बंद केली.

सात, पण वेगळे सात. हे काम केल्याचे आहेत.


रविवार, ३० मार्च. पाडवा

गुढी उभारली. विक्रम काल रात्रीच आला होता. सकाळी शेडमध्ये पूजेला आम्ही दोघं आणि मष्णू. भावकू सणाचा दिवस असूनही आला. त्याची मोटर आम्ही नव्यानं भरून दिली, अर्थात आमच्याकडनं, आणि मिरचीतली निम्मी तगली आहे.

मी ठरवलं होतं, सांगायचं ते गिऱ्हाइकासमोर सांगायचं. डिसमिस हळदकुंकू लावून मष्णूच्या हातात दिला. भावकूला म्हटलं, आजपासून इथं ऐकणारा मष्णू. माझे कान गेलेत. तुझी मोटर माझ्यामुळं जळाली. तालुक्यात ज्याला सांगायचं त्याला सांग.

चौतीस वर्षांचं नाव मी एका वाक्यात खाली ठेवलं होतं.

भावकू पागोटं सारखं करत म्हणाला, "त्यात सांगायचं काय, अप्पा? समद्यास्नी ठावं हाय. आमी दोन वर्सं मष्णूअण्णाच्या मिशीकडंच बघून मोटर न्हेताव."

मष्णू जमिनीकडं बघायला लागला. मी विचारलं, मग इतरांकडं का गेला नाहीत? मिशी काय, दुसरीकडंही असतात.

"तुमी बसाय खुर्ची देतासा, दोन शिव्या देतासा, बरं वाटतंय," भावकू म्हणाला. "आनि त्या दिवशी म्हनलो की मी, मष्णूअण्णा आल्यावर न्हेतो म्हनून. तुमी वरडलासा."

म्हणजे सगळा तालुका मला सांभाळून घेत होता, आणि मी समजत होतो तालुका मी सांभाळतोय. विक्रम हे सगळं ऐकत उभा होता. भावकू गेल्यावर तो जवळ आला. म्हणाला, फोनवर तुम्ही कशालाही बरं म्हणायचा, मला वाटलं अप्पांचं डोकंच जायला लागलंय, म्हणून घाई करत होतो. त्याचा आवाज शेवटी बारीक झाला. तो बारीक झालेलाही मला ऐकू आला, हे यंत्राचं काम.

मी म्हटलं, डोकं शाबूत आहे, जादा ड्यूटी करत होतं. शेड द्यायची नाही म्हणून फरशीवाल्याला त्यानंच फोन लावला.

त्यानंतर मष्णूनं आणखी एक मोटर लावली. डिसमिस कानाला, आणि सवयीनं मिशीला पीळ. मी म्हटलं, आता कुणाला सांगतोयस? हसला बेटा.

बोलत बसलो होतो तर विक्रम म्हणाला, चहा घेऊया, साडेपाच झाले. मी घड्याळ बघितलं. चार वाजून गेलेले मला कळलंच नव्हतं.

साडेचार अँपिअर.


शुक्रवार, ४ एप्रिल

डॉक्टरांना वही दाखवली. चांगली म्हणाले, हसले, आणि स्वतःच्याच त्या पहिल्या दिवसाच्या कागदावरची बरोबरची खूण खोडली. पंख्याचं बेअरिंग मात्र खरंच गेलं होतं, त्यांनी बदलून घेतलंय. म्हणजे मी अगदीच काही हा नव्हतो.

दिवसाला चार-पाच अँपिअरवर चाललंय. आता वही बंद करायला हरकत नाही. एकच गोष्ट राहिली, ती डॉक्टरांना सांगितली नाही.

यंत्रं आल्यापासून जयाबाई लांबूनच बोलते. स्वयंपाकघरातनं, परसातनं, पाठ करून. बरोबरच आहे, आता जवळ यायची गरज काय? दंड धरून कालपर्यंत आठ दिवस झाले होते. कशासाठी धरत होती तेही आता कळलंय. मी ज्याला माया समजत होतो, ती माझ्या बहिरेपणाची सोय होती.

सौम्यानं सांगितलं आहे, संध्याकाळी कानांना थोडी विश्रांती द्या. मी आज्ञाधारक माणूस आहे. काल सात वाजता यंत्रं काढून डबीत ठेवली आणि वर्तमानपत्र उघडून बसलो. जयाबाईनं आतनं हाक मारली असणार. पुन्हा मारली असणार. मी वर बघितलं नाही.

मग ती आली, समोर उभी राहिली. डबीकडं बघितलं. माझ्याकडं बघितलं. आणि दंड धरला.

काय म्हणाली ते ऐकू आलं नाही. शिवी असावी. तीन अँपिअर.